बिनक्लचची पेटी आणि आंबेनळीचा उतार

महाडात मला ओळखणारे लोक दोन प्रकारचे. जुने म्हणतात, "उतारावर लावा मिस्त्री." नवे म्हणतात, "बिनक्लचची पेटी बांधणारे मिस्त्री." दोन्ही नावं माझ्याच हातची आणि तोंडची कमाई आहे. पण त्या दोन नावांची एकमेकांशी गाठ कुठे पडली, ते आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा आमच्या वाचनालयाच्या मंडळींनी दिवाळीला अंक काढायचं मनावर घेतलं आणि त्या गिअरच्या पेटीवर लेख द्या म्हणून गॅरेजात येऊन बसले. मी म्हटलं, मला पाना धरता येतो, पेन नाही. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. आता मी मुळात फारसा बोलतच नाही, ही त्यातली अडचण. तरी बसलो. चार पानं भराभर झाली आणि एका जागी हात अडला तो हलेना. शेवटी पोलादपूरला जाऊन आलो, तेव्हा पुढचं लिहिता आलं. ते ओघाने येईल.

आधी उताराचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

त्या काळी महाडावरून जाणाऱ्या मालट्रका बहुतेक लढाईतून उरलेल्या, लिलावात घेतलेल्या. बॅटरी मुंबईहून यायची आणि आली तरी चार्ज करायची सोय नव्हती. सेल्फ मारला की इंजिन म्हाताऱ्यासारखं एकदा खाकरायचं आणि गप्प बसायचं. मग हँडल. हँडल उलटं फिरलं की मनगट गेलं. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की गाडी उभी करायची ती उतारावर, तोंड खाली करून, चाकाखाली धोंडा लावून. निघताना धोंडा काढायचा. गाडी आपसूक घरंगळायला लागली की दुसऱ्या गिअरात टाकून क्लच सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन धडधडायला लागतं, की निघाले.

बाहेरच्या माणसाला खोटं वाटेल, पण या रीतीवर चांगले संसार उभे होते. पोलादपूरला रस्त्याकडेला दोन हॉटेलं होती. सपाटीवरच्याची भजी सरस, पण गर्दी असायची ती उतारावरच्याकडे. सपाटीवरच्याने शेवटी कौलं उतरवून घेतली आणि कापडाचं दुकान काढलं. एकदा वरंधला लग्न होतं. ट्रकवाल्याने मांडवाच्या अगदी दारात, सपाट अंगणात गाडी आणून लावली. परतताना सगळं वऱ्हाड ढकलतंय, नवरदेव एका हाताने बाशिंग सावरत दुसऱ्या हाताने ढकलतोय आणि नवरी केबिनमध्ये बसून तोंडाला पदर लावून हसतेय. मला मुद्दाम बोलावून नेलं होतं. नवऱ्याचा मामा घाम पुसत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मिस्त्री, पोर करायची तर अंगण बघून करावी हो. आमी नुस्तं घर बघितलं."

माझं गॅरेज महाडच्या बाहेर, गोव्याच्या रस्त्याला, जरा चढावर. समोर आयता उतार. माझं अर्धं भांडवल तोच. गाडी दुरुस्त करून ताब्यात देताना मी प्रत्येकाला सांगायचो, "देवाचं नाव घ्या आणि उतारावर लावा." पहिल्यांदा सल्ला म्हणून सांगितलं असेल. पुढे ते जिभेलाच बसलं. बाजारात मला बघून पोरंटोरं तेच ओरडायची. एकदा एका मयताला गेलो होतो. निघताना त्या घरच्या माणसाचा हात हातात घेतला आणि तोंडातून "देवाचं नाव घ्या" इतकं निघालं. पुढचं मोठ्या कष्टाने गिळलं.

अशात आंबेनळी घाटात रस्ता रुंद करायचं काम निघालं. कंत्राटदार घाटावरचे, लोक त्यांना रावसाहेब म्हणत. धोतर, त्यावर कोट, पायात बूट आणि तोंडात कायम सुपारी. घाटावर कुठल्याशा धरणाचं काम संपत आलं होतं, तिथून त्यांनी एक मोडका विलायती डंपर घेतला आणि ऐन पावसाच्या तोंडावर तो ओढत माझ्या दारात आणला. सोबत तसल्याच दुसऱ्या डंपरची काढलेली गिअरची पेटी होती. तीही मेलेली.

"मिस्त्री," रावसाहेब म्हणाले, "पावसाळाभर काम बंद आहे. दसऱ्याला हा घाटात पाहिजे. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करा."

माझा जोडीदार रघू टर्नर. हिरकणीवाडीचा, लेथवर बसला की देवमाणूस आणि उठला की तोंडाळ. तो केबिनमध्ये चढला, वाकून वाकून सीटखाली बघायला लागला. मग डोकं बाहेर काढून म्हणाला, "दत्तू, आपल्यावर आळ येनार. क्लचचा पेडल चोरीला गेलाय हिचा."

पेडल चोरीला गेलं नव्हतं. ते नव्हतंच. क्लच पायाने दाबायचा नाही आणि गिअर हाताने बदलायचे नाहीत, पेटी आपली आपण बदलणार, असं ते यंत्र. असलं काही मी तोवर ऐकलेलंही नव्हतं. सोबत एक जाडजूड पुस्तक होतं. रावसाहेबांचे ओव्हरसियर संध्याकाळी येऊन त्यातलं वाचून मराठीत सांगायचे आणि मी चित्रं बघायचो.

साधी पेटी आणि ही पेटी यांतला फरक सांगतो. साध्या गाडीत इंजिन आणि चाकं यांची लोखंडाला लोखंड अशी पकड असते. क्लच दाबला की ती सुटते, सोडला की बसते. या पेटीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल असतं. बादलीतलं पाणी हाताने गरागरा ढवळलं, तर त्यात पडलेलं पानही फिरायला लागतं. हात पानाला लागलेला नसतो. तसं इंजिन एका पंख्याने तेल ढवळतं आणि ते फिरतं तेल समोरच्या दुसऱ्या पंख्याला फिरवतं. त्याच्या मागे गिअर. ते बदलायला आत पातळ चकत्यांचे जुडगे असतात. तेलाचा दाब आला की जुडगा आवळला जातो, गेला की सुटतो. कुठे दाब द्यायचा, ते बोटाएवढ्या झडपा ठरवतात. म्हणजे सगळी करामत तेलाची. तेल फिरवतो तो आतला एक पंप, आणि तो पंप फिरवतं इंजिन. इंजिन बंद तर पंप बंद, पंप बंद तर दाब नाही, दाब नाही तर ही पेटी म्हणजे तेलात बुडवलेलं भंगार. चाकं कितीही फिरोत, इंजिनापर्यंत काही पोचायचं नाही.

शेवटची दोन वाक्यं वाचकांनी ध्यानात ठेवावीत. मी ठेवली असती तर बरं झालं असतं.

पुस्तकात एक चित्र होतं. एक ट्रक दुसऱ्याला दोराने ओढतोय, आणि चित्रावर मोठी फुली. ओव्हरसियर म्हणाले, याला ढकलून किंवा घरंगळत नेऊन चालू करता येत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की धरणावरच्या मेकॅनिकने ओढून पाठवताना चाकांकडे जाणारा मागचा शाफ्ट का काढून ठेवला होता. चाकांबरोबर पेटी तेलाविना फिरून जळू नये म्हणून. रघू म्हणाला, "ढकलून चालत नाय? मग महाडात हिचा निभाव लागायचा कसा?" आम्ही दोघं खूप हसलो. म्हणजे मला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही मला जागा नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही जे काम केलं, त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि तो लपवत नाही. दोन्ही पेट्या उघडून चादरींवर मांडल्या. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण गॅरेज गळायचं. बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, "हे दात्याचं चाक उचलू का, का त्याला पण विटाळ होतो?" झडपेत केस अडकला तरी पेटी बिघडणार, म्हणून रघूची बिडी बंद. त्याने तीन वेळा काम सोडलं आणि तीन वेळा परत आला. तेल गाळायला बायकोच्या जुन्या मऊ लुगड्याचे पदर. दिव्याला आलेले पंखवाले किडे टपटप तेलात पडायचे, मग ते पुन्हा गाळायचं. एका पेटीचं कवच धड होतं, दुसरीचे गिअर. चकत्या दोन्हींतल्या निवडून निवडून एक जुडगा जमला. तेल गळू न देणारी रबरी कडी मात्र दोन्हींतली वाळून कडक झालेली. पाण्याच्या पंपाला बसतात तसे चामड्याचे वॉशर करून बघितले. तेल तापलं तशी ती चामडी पापडासारखी झाली. शेवटी रघूने ट्रकच्या ब्रेकचे मोठे रबर लेथवर घासून घासून कडी काढली. ती बसली. ते काम रघूचं. नाव माझं झालं, हे इथे लिहून ठेवतो.

भाद्रपदात पेटी बसवली. रावसाहेब हार घेऊन आले. डंपर पुढे उताराकडे तोंड करून उभा, इंजिन सुरू, बघ्यांची गर्दी. कोणीतरी पुढच्या चाकाशी नारळ फोडला. पुढे जायचं की मागे, तेवढंच ठरवणारा एक दांडा होता, तो मी पुढे टाकला आणि डंपर डौलात मागे निघाला. मागे माझ्याच गॅरेजाची कुडाची भिंत होती. ती आडवी करून, रघूच्या लेथपासून वीतभर अंतरावर थांबला. तेलाच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली होती. धूळ खाली बसल्यावर रघू आतून म्हणाला, "दत्तू, नारळ चुकीच्या बाजूला फोडला रे."

दुसऱ्या दिवशी नळ्या बदलल्या आणि तो पुढे गेला. विटांनी भरलेला डंपर चढावर उभा केला आणि नुसता ॲक्सिलरेटर दाबला. कोणी गिअर बदलला नाही, कोणी क्लच दाबला नाही, कुठे झटका नाही. आवाज बदलत गेला आणि ते धूड चढ चढून वर गेलं. मी रस्त्यात उभा होतो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचे डोळे का हो लाल?" मी म्हटलं, तेल उडालं.

डंपर चालवायला रावसाहेबांनी इस्माईलभाईंना घेतलं. इस्माईलभाई महाडचेच, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. घाटातली ड्रायव्हरी करावी तर त्यांनी. चौकड्याची लुंगी, डोक्याला टोपी, दाढेखाली लवंग. गाडीशी बायकोशी बोलावं तसं बोलायचे. "चल गो, दमलीस काय, ही एवढी चढण चढ, मग पानी देतो." पण ही गाडी काही त्यांच्या पचनी पडेना. पहिल्या दिवशी खाली उतरून मला म्हणाले, "मिस्त्री, डावा पाय काय करू? त्याला कामच नाय."

"मांडी घाला," मी म्हटलं.

त्यांनी खरंच मांडी घातली. पुढे घाटातल्या बायका सांगायच्या, की इस्माईलभाई डंपर असा चालवतात, जसा कोणी झोपाळ्यावर बसलाय.

आता ती सकाळ. डंपर घाटात जायचा होता. रघू भातकापणीला गावी गेलेला. गर्दी सगळी माझ्याभोवती. दासगावहून माणसं आली होती पेटी बघायला. एक मास्तर विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. मी इस्माईलभाईंना तेल कुठे बघायचं ते दाखवलं. तेल तापून काटा लाल खुणेवर गेला तर थांबायचं, तेही सांगितलं. दांडा कधी कुठे ठेवायचा, सांगितलं. त्या फुलीच्या चित्राचं सांगायचं मनात होतं. तेवढ्यात मास्तरांनी काहीतरी विचारलं, मी ऐटीत त्यांना समजावत बसलो. डंपर हलला तसा मी मागे वळलो, हात वर केला आणि नेहमीसारखं, सवयीने, मोठ्याने म्हणालो:

"देवाचं नाव घ्या आणि उतारावर लावा."

सगळे हसले. इस्माईलभाईंनी कपाळाला हात लावून सलाम केला आणि गेले.

पुढे काही दिवस डंपर झकास चालला. मग बॅटऱ्या उतरल्या, त्या उतरणारच होत्या. एका दुपारी जेवायच्या सुट्टीला इस्माईलभाईंनी आयुष्यभर केलं तेच केलं. आंबेनळीच्या एका उतारावर डंपर तोंड खाली करून लावला. चाकांखाली धोंडे. जेवले, धोंडे काढले, डंपर घरंगळला. दांडा गिअरात टाकून ते इंजिन धडधडायची वाट बघत बसले. इंजिन काही धडधडेना. ब्रेक हवेचा, आणि हवा भरतं इंजिन. जेवण होईपर्यंत टाकीतली हवा गळून गेलेली. पाय दाबला तर पेडल नुसतं खाली गेलं. खाली वळण होतं, वळणाच्या कडेला खडी फोडणाऱ्या बाया भाकऱ्या सोडून बसल्या होत्या, आणि पलीकडे दरी.

इस्माईलभाई ओरडले, बाया पळाल्या. त्यांनी डंपर डोंगराच्या अंगाला घातला. कडेच्या चरात चाक घासत, दगड उडवत तो खाली आला आणि त्यांनी तो सरळ खडीच्या ढिगावर चढवला. पुढचं चाक ढिगावर, डंपर तिरका, आणि सगळं थांबलं. कोणाला खरचटलंही नाही. चार जणींच्या भाकऱ्या आणि एक टोपली तेवढी चाकाखाली गेली. दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर उडी मारून सुटला असता. त्या बायांचं काय झालं असतं, ते मी मनातही आणत नाही.

मला जीपने नेलं. मी पोचलो तेव्हा रावसाहेब कमरेवर हात ठेवून उभे, भोवती सगळे मजूर. इस्माईलभाई एका धोंड्यावर बसलेले, हातात टोपी.

"तीस वर्षं गाडी चालवतोस म्हणतोस," रावसाहेब म्हणत होते, "आणि हे कळत नाही? ही काय खटारा आहे धक्का मारायला?"

"साब, आमी नेहमी असंच लावतो," इस्माईलभाई म्हणाले.

रावसाहेब माझ्याकडे वळले. "काय मिस्त्री, तुम्ही सांगितलं नव्हतं का याला?"

मला बोलायला पुष्कळ वेळ होता. सगळे माझ्याकडे बघत होते. इस्माईलभाईही बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता. त्यांनाही तेच विचारायचं होतं, खरोखरच, की सांगितलं होतंस का रे. मी खाली वाकलो आणि पेटीला हात लावून बघितला. गरम आहे का, फुटली आहे का. पेटी धड होती. मी म्हटलं, "पेटीला काही झालेलं नाही."

एवढंच बोललो. खोटं काही बोललो नाही. पण त्या उत्तराचा जो अर्थ व्हायचा तो झाला. रावसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग झालं. माणूस बदलू."

संध्याकाळी मी लाल रंगाचा डबा घेऊन घाटात गेलो आणि डंपरच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, पुस्तकातलं ते फुलीचं चित्र रंगवलं. चित्र चांगलं आलं. उशीर झाला होता.

पेटी पुढे सगळा रस्ता होईपर्यंत चालली. तिच्यावर माझं नाव झालं, दुरून कामं आली, कुडाच्या जागी विटांची भिंत आली. इस्माईलभाईंनी पुन्हा मोठी गाडी धरली नाही. पोलादपूरला त्या उतारावरच्या हॉटेलाशेजारी चहाची टपरी टाकली. मी त्या बाजूला गेलो की जीप न थांबवता पुढे न्यायचो. आणि एक केलं. ते वाक्य बोलायचं सोडलं. लोकांनी कारण विचारलं नाही, त्यांना वाटलं मिस्त्री आता मोठे झाले. स्वतःची जीपही मी तेव्हापासून सपाटीवरच लावतो. त्याने कोणाचं काय भलं झालं, मला विचारू नका.

तर लेख लिहिताना हात अडला तो रावसाहेबांच्या प्रश्नापाशी. पेटीचं कौतुक लिहायचं आणि हे गाळायचं, म्हणजे घाटात केलं तेच पुन्हा शाईने करायचं. म्हणून गेल्या महिन्यात पोलादपूरला गेलो. जीप लावली आणि टपरीवर जाऊन बसलो.

इस्माईलभाईंची दाढी पांढरी झालीय. मला बघून म्हणाले, "मिस्त्री! या बाजूला कसा? ए, एक पेशल टाक गो." ते मागे बसलेल्या बायकोला, हलीमाभाभींना, म्हणाले. भाभी स्टोव्हशी होत्या.

मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, "इस्माईलभाई, त्या डंपरचं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. घरंगळत चालू करायचा नाही, हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. उलट उतारावर लावा म्हणालो. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर गप्प बसलो."

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "नव्हतं सांगितलंस?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"अरे," ते म्हणाले, "मी इतकी वर्सं समजतो की तू सांगितलंस आनि माझ्या कानात गेलं नाय. म्हटलं, मिस्त्री गप हाय म्हंजे त्यानं सांगितलेलं असनार, माझी लाज राखतोय. मग वाटलं, आपले कान गेले. ज्याला एवढं सांगितलेलं ऐकू येत नाय, त्यानं घाटात गाडी चालवू नये. म्हनून सोडली मी." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "रावसाहेबानं काढला म्हनून नाय सोडली. दुसऱ्यांनी बोलावलं तरी मी गेलो नाय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, की मी त्यांची नोकरी घालवली. मी त्यांचा स्वतःवरचा भरवसा घालवला होता, हे मला टपरीच्या बाकावर बसून कळलं. याची माफी कशी मागतात, ते मला ठाऊक नव्हतं.

इस्माईलभाईंनीच माझा दंड धरला आणि मला उठवलं. "मला काय सांगतोस? तिला सांग. इतकी वर्सं मला भैरा म्हनते ती. चल, सांग तिला."

मला स्टोव्हपुढे उभं केलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. भाभी दूध उतू जाऊ नये म्हणून भांड्याकडे बघत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी स्टोव्ह बारीक केला.

"म्हंजे यांचे कान चांगले हाईत?" त्यांनी मला विचारलं.

"चांगले आहेत, भाभी. तेव्हाही होते."

भाभींनी नवऱ्याकडे बघितलं. "मग मी रोज पानी आना, लाकडं फोडा म्हनून हाका मारते, त्या ऐकू येतात तुमाला."

इस्माईलभाईंच्या तोंडावरचा रंग बदलला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, आनखी थोडे दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं रे?" आणि हसायला लागले. आधी पोटातल्या पोटात, मग खोकला येईपर्यंत. भाभीही हसल्या, पण पाण्याची घागर उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली ती ठेवलीच. मला हसू आलं नाही. चहा मात्र प्यालो. गार झाला होता, तरी.

"छापू का हे?" मी विचारलं.

"छाप. माझे कान चांगले हाईत, तेवढं पयल्या पानावर छाप." मग जरा थांबून म्हणाले, "आनि डंपर मी खडीवर चढवला, ते पन लिही. ते कोनी लिहिलं नाय."

लिहिलं आहे, इस्माईलभाई. वर बघा.

निघालो. जीपचा सेल्फ मारला, तर एकदा खाकरून गप्प. पुन्हा मारला, काही नाही. मी खाली उतरलो. जीप रस्त्याच्या पलीकडे लावलेली, अख्ख्या पोलादपुरात असेल नसेल तेवढी सपाट जागा बघून. समोरच्या हॉटेलाच्या उतारावर पाच-सहा ट्रका तोंड खाली करून आरामात उभ्या होत्या.

इस्माईलभाई टपरीतून बघत होते. घागर खाली ठेवून आले, लुंगी वर खोचली, जीपच्या मागे गेले आणि खांदा लावला. मी म्हटलं, तुम्ही नको, या वयात. ते म्हणाले, "बस तू आत. दुसऱ्यात टाक आनि मी सांगेन तेव्हा क्लच सोड."

त्यांनी ढकललं. हॉटेलातले दोन ड्रायव्हरही आले. जीप हलली, वेग घेतला, मागून इस्माईलभाईंची हाक आली, "सोड." मी क्लच सोडला. इंजिन धडधडलं.

आरशात बघितलं तर ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत. मी वेग कमी करून मान बाहेर काढली. त्यांनी तोंडाशी हाताचा कर्णा केला आणि भर बाजारात मला ओरडून सांगितलं:

"मिस्त्री, देवाचं नाव घे आनि आता तरी उतारावर लावत जा रे."